हवेचाही चार्ट भरला पाहिजे

गेल्या हिवाळ्यात वस्तीतल्या विहारात आम्ही आरोग्य शिबिर घेतले. वजनकाटा, बीपीचे यंत्र, हिमोग्लोबिन तपासण्याचे साहित्य आणि लोहाच्या गोळ्या, एवढाच आमचा संसार. रांगेत तीन महिन्यांचे बाळ घेऊन एक तरुण आई बसली होती. या वस्तीच्या मागे कचऱ्याचा डोंगर आहे आणि रात्री तो धुमसतो. बाळाचे वजन झाले, लसीकरणाचे कार्ड पाहून झाले, तरी ती जागची उठेना. शेवटी हळूच म्हणाली, "सिस्टर, रात्रभर धूर येतो. प्लास्टिक जळल्याचा वास घशात बसतो. तो धूर माझ्या दुधात उतरत असेल का? बाळाला अंगावर पाजू की डब्याचं दूध आणू?"

अर्धे उत्तर आम्ही तिथल्या तिथे दिले. पाजच. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, त्यानंतर वरच्या आहारासोबत दोन वर्षे आणि पुढेही. आईच्या दुधाचे फायदे या भीतीपेक्षा कितीतरी मोठे आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. वस्तीतल्या पाण्यात कालवलेले डब्याचे दूध बाळाला जुलाबाकडे नेते, हे आम्ही वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिले आहे.

उरलेले अर्धे उत्तर आमच्याकडे नव्हते. त्या धुरात नेमके काय आहे? किती आहे? दहा वर्षांपूर्वीपेक्षा वाढले की कमी झाले? वॉर्डात रुग्ण दाखल झाला की त्याच्या खाटेला टीपीआर चार्ट लागतो. एकदा ताप मोजून काही कळत नाही. चार दिवस, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने मोजले की कागदावर रेघ उमटते आणि औषध लागू पडते की नाही हे ती रेघ सांगते. त्या वस्तीवरच्या हवेचा असा चार्ट आम्हाला कुणी दाखवू शकले नाही.

त्या आईचा प्रश्न मनात ठेवून आम्ही वाचायला बसलो. जगात असा चार्ट कुठे भरला जातो, तो कसा भरतात आणि त्याने काय साधले, हे या वेळी आरोग्य पानावर मांडत आहोत.

सेंद्रिय म्हणजे चांगलेच, असे नाही

ज्या विषांबद्दल आपण बोलत आहोत त्यांना चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषके म्हणतात. 'सेंद्रिय' म्हटले की आपल्याला शेणखत आणि विषमुक्त भाजी आठवते. इथे त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की या पदार्थांच्या रचनेत कार्बन आहे. त्यातल्या बहुतेकांत क्लोरीनसारखे मूलद्रव्य कार्बनला घट्ट चिकटलेले असते आणि म्हणून ते लवकर तुटत नाहीत.

यांचे चार दुर्गुण लक्षात ठेवावेत. एक, ती वर्षानुवर्षे टिकतात. ऊन, पाऊस, मातीतले जिवाणू यांना ती सहजी दाद देत नाहीत. दोन, ती चरबीत साठतात. गवतापेक्षा गाईत, लहान माशापेक्षा मोठ्या माशात आणि शेवटी माणसात त्यांचे प्रमाण वाढत जाते. तीन, ती दूर प्रवास करतात. उष्ण प्रदेशात वाफ होऊन उडतात, थंड जागी खाली बसतात, पुन्हा ऊब मिळाली की पुन्हा उडतात. बेडूकउड्या मारत ती हजारो किलोमीटर जातात. चार, ती आरोग्याला घातक आहेत. शरीरातल्या संप्रेरकांचे काम, रोगप्रतिकारशक्ती आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ यांत ती ढवळाढवळ करतात.

डीडीटी, बीएचसी, एंडोसल्फान ही कीटकनाशके या कुळातली. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले पीसीबीही त्यातलेच. आणि डायऑक्सिन-फ्युरान ही जोडगोळी तर कुणी मुद्दाम बनवतही नाही. क्लोरीन असलेला कचरा, विशेषतः पीव्हीसी प्लास्टिक, अर्धवट जळाला की ती आपोआप तयार होते. डायऑक्सिनमधला सर्वांत विषारी प्रकार माणसात कर्करोग करतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली दिला. शरीरात शिरलेले डायऑक्सिन निम्मे व्हायला साधारण सात ते अकरा वर्षे लागतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. माणसाच्या शरीरात डायऑक्सिन श्वासापेक्षा अन्नातून जास्त जाते: दूध, मांस, मासे, अंडी. मग हवा मोजायची कशासाठी? कारण हवा हा त्याचा रस्ता आहे. धूर उठतो, राख गवतावर बसते, गवत गाय खाते, गाईचे दूध आई पिते. तथागतांनी शिकवले की कारणाशिवाय काहीच घडत नाही. या साखळीची पहिली कडी हवेत आहे, आणि हवेतला बदल तिथेच सर्वांत लवकर दिसतो.

बर्फातल्या आया

ही गोष्ट आहे कॅनडाच्या अगदी उत्तरेकडची. तिथे इन्युइट नावाचे आदिवासी राहतात. शेती नाही, कारखाना नाही. सील, व्हेल आणि मासे यांच्यावर पिढ्यान् पिढ्या जगणारे हे लोक. १९८० च्या दशकात क्युबेक प्रांतातले संशोधक एरिक देवाय आईच्या दुधातील प्रदूषके तपासत होते. दक्षिणेकडच्या औद्योगिक भागातील आयांशी तुलना करायला त्यांना स्वच्छ प्रदेशातले नमुने हवे होते. म्हणून उत्तरेच्या नुनाविक भागातल्या इन्युइट आयांचे दूध तपासले गेले. निकाल उलटा आला. ज्यांनी पीसीबीचा कारखाना कधी पाहिला नव्हता, त्या आयांच्या दुधात पीसीबीचे प्रमाण दक्षिणेकडच्या आयांपेक्षा सुमारे पाच पट होते.

विष दक्षिणेतल्या कारखान्यांतून आणि शेतांतून उडाले, वाऱ्याने आणि समुद्राने उत्तरेला नेले, थंडीने खाली बसवले, मासा खाणाऱ्या सीलच्या चरबीत साठवले आणि शेवटी आईच्या छातीशी आणून सोडले. नफा एकाचा, विष दुसऱ्याच्या पदरात. हा हिशेब आपल्या समाजाला नवा नाही.

इन्युइट समाजाने रडत बसण्याऐवजी संघटना उभारली. या विषांवर जागतिक करार करण्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा शीला वॉट-क्लुटिए या इन्युइट नेत्या तिथे ठाण मांडून बसल्या. १९९९ साली नैरोबीच्या बैठकीत त्यांनी आई आणि बाळाचे दगडी शिल्प संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या प्रमुखांना भेट दिले. पुढच्या बैठकांत ते शिल्प अध्यक्षांसमोर ठेवलेले असे. आकड्यांवर वाद घालणाऱ्या प्रतिनिधींना ती आई आणि ते बाळ समोर दिसत राहिले.

मे २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला आणि १७ मे २००४ पासून तो लागू झाला. आर्क्टिकमधील आदिवासी समाजांना असलेल्या विशेष धोक्याची नोंद त्याच्या प्रस्तावनेतच आहे. भारताने जानेवारी २००६ मध्ये या कराराला मान्यता दिली. सुरुवातीला त्यात १२ विषे होती. नंतर यादी वाढत गेली.

करारात एक शहाणपणाचे कलम आहे. नुसती बंदी घालून थांबायचे नाही, बंदीचा परिणाम होतो की नाही हे मोजत राहायचे. त्यासाठी जगभर जी मोजणी ठरली, तिच्यात सुरुवातीपासून दोन गोष्टी मुख्य आहेत: हवा, आणि आईचे दूध किंवा माणसाचे रक्त. हवा सांगते की विष आज किती सुटते आहे. दूध सांगते की ते शरीरात किती साठले आहे.

हवा मोजतात कशी?

कॅनडातल्या एल्समियर बेटावर अलर्ट नावाचे ठाणे आहे, उत्तर ध्रुवापासून जेमतेम आठशे किलोमीटरवर. हिवाळ्यात तिथे कित्येक महिने सूर्य उगवत नाही. १९९२ पासून तिथल्या हवेत ही विषे मोजली जात आहेत. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर झेपेलिन नावाच्या डोंगरावर दुसरे ठाणे आहे. तिथली नोंद १९९३ पासूनची. या ठिकाणांच्या जवळपास मोठे कारखाने नाहीत, शेते नाहीत. म्हणून तिथे जे सापडते त्यातले बरेचसे दुरून आलेले असते.

अलर्टला पंपाने आठवडाभर हजारो घनमीटर हवा ओढली जाते. ती आधी काचेच्या तंतूंच्या गाळणीतून आणि मग फोममधून जाते. धुळीला चिकटलेले विष गाळणीवर राहते, वायुरूपातले फोममध्ये अडकते. नंतर प्रयोगशाळेत ते द्रावकाने काढून यंत्रावर मोजतात. प्रमाण किती सूक्ष्म? पिकोग्रॅममध्ये. म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग.

पंपाला वीज आणि माणूस लागतो. गरीब देशांना, दुर्गम गावांना ते कसे परवडणार? त्यासाठी एक साधी युक्ती निघाली. साधारण १४ सेंटिमीटर व्यासाची फोमची चकती, पुरीपेक्षा मोठी आणि भाकरीपेक्षा लहान. ती स्टेनलेस स्टीलच्या दोन भांड्यांमध्ये टांगायची. वरचे भांडे छत्रीसारखे उपडे, खालचे उताणे, मधल्या फटीतून वारा खेळता. वीज नको, पंप नको. दिवसाला तीन-चार घनमीटर हवेतले विष ती चकती आपोआप शोषते. तीन महिन्यांनी चकती उतरवायची, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून प्रयोगशाळेत पाठवायची आणि नवी टांगायची. २००४ च्या अखेरीस कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी अशा चकत्यांचे जाळे सातही खंडांत पसरवायला सुरुवात केली.

वाचताना आम्हा परिचारिकांना यात सर्वांत ओळखीची वाटली ती शिस्त. तीच जागा, तीच उंची, तीच पद्धत. दर वेळी एक कोरी चकतीही सोबत न्यायची, म्हणजे हाताळताना बाहेरून काही लागले का हे कळते. उन्हाळ्यात ही विषे जास्त उडतात, हिवाळ्यात कमी. वारा बदलला की आकडा बदलतो. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. विष खरोखर कमी होते आहे की नाही, हे ठरवायला दहा-दहा वर्षांच्या नोंदी लागतात. मधे दोन वर्षे खंड पडला तर रेघ तुटते, आणि गेलेली हवा परत आणून मोजता येत नाही.

चार्टने काय सांगितले?

आता आपल्या घरातली आठवण. गावाकडे ज्याला बीएचसी पावडर किंवा गॅमेक्सिन म्हणत, ती पिकांवर, धान्यात, ढेकणांसाठी अंथरुणावर, सगळीकडे मारली जायची. त्यातलाच शुद्ध केलेला भाग म्हणजे लिंडेन. खरजेसाठी गामा बेंझीनचे लोशन म्हणून आम्ही स्वतः ते रुग्णांच्या अंगाला लावले आहे. भारत आणि चीन हे या पावडरीचे जगातले सर्वांत मोठे वापरकर्ते होते.

चीनने १९८३ साली ती बंद केली. भारताने १९९० च्या सुमारास शेतीतल्या वापराला आळा घालायला सुरुवात केली आणि १ एप्रिल १९९७ पासून पूर्ण बंदी आणली. आर्क्टिकच्या हवेतल्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा शास्त्रज्ञांना दिसले की या विषाचे प्रमाण हळूहळू घसरलेले नाही. ते पायऱ्यांनी उतरले आहे: एक पायरी १९८२-८३ च्या आसपास, दुसरी १९९०-९२ च्या आसपास. म्हणजे विदर्भातल्या किंवा पंजाबातल्या शेतकऱ्याच्या हातातली पावडर थांबली आणि ध्रुवाजवळची हवा स्वच्छ झाली. बंदी लागू पडते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

एंडोसल्फान २०११ साली कराराच्या यादीत आले. त्यानंतर आर्क्टिकच्या हवेत तेही कमी होत गेले. पीसीबी मात्र हट्टी आहे. अनेक देशांनी १९७० च्या दशकातच त्याला आवर घातला, तरी त्याची रेघ हळूहळूच उतरते, कारण ते जुन्या यंत्रांत, इमारतींत आणि मातीत अजून आहे.

चार्टने वाईट बातमीही दिली. हेक्झाक्लोरोबेन्झीन नावाचे विष झेपेलिन डोंगरावर काही वर्षे कमी होण्याऐवजी वाढताना दिसले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अलर्ट आणि झेपेलिनच्या १९९३ ते २००९ या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या. पृथ्वी तापते आहे, समुद्रावरचा बर्फ वितळतो आहे, आणि पूर्वी बर्फात व पाण्यात गाडले गेलेले विष पुन्हा हवेत येते आहे, असे त्यातून पुढे आले. पंधरा वर्षे कुणी चिकाटीने मोजले नसते, तर हे कळलेच नसते.

जिथे चार्ट नसतो, तिथे शरीर साक्ष देते

केरळच्या कासारगोड जिल्ह्यात सरकारी मालकीच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. खाली गावे होती, विहिरी होत्या, शाळा होत्या. मुले व्यंग घेऊन जन्मू लागली, अपस्मार आणि मतिमंदत्व वाढल्याच्या तक्रारी आल्या. एका गावातल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. कृषी खात्यात काम करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा न्यायालयात गेल्या. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

तरीही कोणता आजार फवारणीमुळे आणि कोणता नाही, यावर वाद चालूच राहिला. फवारणीच्या त्या दोन दशकांत हवेत किती विष होते, याची नियमित नोंद कुणी ठेवली नव्हती. नोंद नसली की संशयाचा फायदा नेहमी विष फवारणाऱ्याला मिळतो आणि पुरावा देण्याचे ओझे आजारी मुलाच्या आईवर पडते.

दुसरे उदाहरण चेन्नईच्या पेरुंगुडी कचराभूमीचे. आशियातल्या उघड्या कचराभूमींजवळ राहणाऱ्या आयांच्या दुधाचा अभ्यास जपानी शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह केला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. पेरुंगुडीजवळच्या आयांच्या दुधात डायऑक्सिनसारख्या विषांचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या इतर भागातील आयांपेक्षा जास्त आढळले. त्याचा एक संभाव्य मार्गही त्यांनी दाखवला: कचराभूमीच्या परिसरात चरणाऱ्या जनावरांचे दूध. आमच्या शिबिरातल्या त्या आईची शंका निराधार नव्हती.

आपल्या वस्तीवरची हवा

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी सर्वांचे आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले. त्याच १९२७ साली मुंबईचा कचरा देवनारला टाकायला सुरुवात झाली. जवळपास शंभर वर्षांत तिथे डोंगर उभा राहिला आणि जानेवारी २०१६ मध्ये त्याला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. नागपूरला भांडेवाडी, पुण्याला उरुळी देवाची आणि फुरसुंगी. शहराचा कचरा कुठे जातो आणि त्याच्या शेजारी कोण राहते, तो हाताने कोण निवडते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पाण्यावरचा हक्क आपण लढून मिळवला. हवेचा हक्क अजून मागायचा आहे.

चौकातल्या फलकावर हवेचा निर्देशांक दिसतो, तेवढ्याने समाधान मानू नये. तो निर्देशांक आठ प्रदूषकांवर काढतात: सूक्ष्म धूलिकणांचे दोन प्रकार, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. आपल्या देशाच्या २००९ च्या हवा-मानकांत एकूण बारा प्रदूषके आहेत. त्यात डायऑक्सिन नाही, पीसीबी नाही, डीडीटी नाही. फलक हिरवा असला तरी या विषांबद्दल तो काहीच सांगत नाही.

आपल्या देशात हे काम जमणार नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. फोमच्या चकत्या टांगून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, आग्रा आणि गोवा इथली हवा शास्त्रज्ञांनी तपासली आहे, आणि तिच्यात बीएचसी व डीडीटीचे अंश सापडले आहेत. पण तो काही महिन्यांचा अभ्यास होता. तो एक वेळचा ताप झाला, चार्ट झाला नाही. ज्या नागपुरात १९५६ साली आपण धम्मदीक्षा घेतली, त्याच नागपुरात राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे 'नीरी' आहे. स्टॉकहोम करारासाठीचे आशिया विभागाचे एक प्रादेशिक केंद्र तीच आहे. माणसे आहेत, ज्ञान आहे. मागणी आपण करायची आहे.

आम्ही आमच्या व्यवसायाचीही कबुली देतो. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा रुग्णालयाच्या मागे खड्ड्यात सलाइनच्या नळ्या आणि हातमोजे जाळले जात. जाळणाऱ्या मावशी-मामांच्या तोंडाला साधा रुमालही नसे, आणि आम्ही खिडकी लावून घेत असू. आज नियम बदलले आहेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या बंद करायला सांगितल्या आणि भट्टीच्या धुराड्यात डायऑक्सिनची मर्यादा ठरवून दिली. पण ती तपासणी वर्षातून एकदा होते. शेजारची वस्ती श्वास रोज घेते.

करायचे काय?

घरात आणि वस्तीत:

१. चूल किंवा बंब पेटवायला कॅरीबॅग, रबर, जुन्या चपला, वायरचे तुकडे वापरू नका. तांब्यासाठी वायर जाळणे सर्वांत घातक. भंगाराचे काम करणाऱ्या भावांनी वायर सोलून तांबे काढावे.

२. जयंतीचे फ्लेक्स बहुधा पीव्हीसीचे असतात. १४ एप्रिल झाली की ते छपरावर जातात, तिथून कचऱ्यात, आणि कचऱ्यातून धुरात. बाबासाहेबांच्या चित्राचा असा धूर होऊ नये. कापडी फलक वापरू या.

३. कचराभूमीवर चरणाऱ्या गाई-म्हशींचे दूध आणि तिथे टिपणाऱ्या कोंबड्यांची अंडी टाळा, विशेषतः गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी.

४. बाळाला अंगावर पाजणे थांबवू नका.

५. रुग्णालयात काम करणाऱ्या भगिनींनो, सलाइनचे सेट, कॅथेटर, युरिन बॅग लाल पिशवीत टाका. पिवळ्या पिशवीत गेले की ते भट्टीत जाते.

विहारात:

एक वही ठेवा. तारीख, वेळ, धूर कुठून आला, वारा कोणत्या दिशेचा, वास कसा, किती मुलांना खोकला-दम लागला, तक्रार कुठे केली, तिचा क्रमांक काय. सोबत मोबाइलवरचे छायाचित्र. ही वही डायऑक्सिन मोजू शकत नाही, ते प्रयोगशाळेचे काम आहे. पण कुठे मोजायला हवे, हे ती दाखवू शकते. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये ठरवला आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करा.

महानगरपालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे:

प्रत्येक मोठ्या कचराभूमीजवळ आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीजवळ, वाऱ्याच्या दिशेला असलेल्या वस्तीत, एक चकती टांगा. वर्षातून चार वेळा बदला. किमान दहा वर्षे खंड पडू देऊ नका. तुलनेसाठी दुसरी चकती शहराच्या सुखवस्तू भागात टांगा. आणि आलेले आकडे मराठीत, वस्तीच्या फलकावर लावा. चकतीला वीज लागत नाही, जागा लागते हातभर. आमच्या विहाराची गच्ची आम्ही द्यायला तयार आहोत.

तथागतांनी कालामांना सांगितले की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा. ‘धूर निरुपद्रवी आहे’ हे साहेबाने सांगितले म्हणून मानायचे नाही, आणि ‘धुराने सगळे मरणार’ हे कुणी व्हॉट्सॲपवर पाठवले म्हणूनही मानायचे नाही. मोजायचे, लिहून ठेवायचे, आणि लिहिलेले घेऊन दारात उभे राहायचे. इन्युइट आयांनी हेच केले.

शिबिरातली ती आई अजून बाळाला अंगावर पाजते. बाळाचे वजन वाढीच्या आलेखावर नीट चढते आहे, आणि ती रेघ आम्ही दर महिन्याला तिच्या कार्डावर भरतो. तिच्या घरावरच्या हवेची रेघ भरायला कुणाला तरी लावणे, हे आता आपले काम आहे. विहारातल्या वहीचे पहिले पान तिनेच लिहिले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!